गिटार खाली येईना

एखादं गाणं ऐकायचं असेल तर आधी ग्रामपंचायतीतून दाखला आणावा लागतो, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ध्वनीचा धडा दरवर्षी घेतो. त्या धड्यात कंपनं आहेत, तरंग आहेत, प्रतिध्वनी आहे. सरपंचाची सही कुठेही नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी यात लक्ष घालावं अशी माझी नम्र सूचना आहे.

गाणं साधंसुधं नव्हतं, हे मान्य. सत्तरच्या दशकात इंग्लंडातल्या चार केसाळ माणसांनी ‘ग्रे हेरन्स’ नावाचा रॉक बँड काढला, ‘सॉल्ट अँड लँटर्न्स’ नावाचा अल्बम केला, आणि मग आपसात भांडून ते पांगले. (आमच्या फुलचूर गावच्या भजनी मंडळाचंही तसंच झालं, फक्त त्यांचा अल्बम निघाला नाही.) आता एका परदेशी कंपनीनं तो अल्बम नव्यानं काढला होता, तोही तबकडीवर. मूळ टेपवरून सावकाश कोरलेली, हातात घेतली तर वजन जाणवेल अशी जाडजूड तबकडी, खास कानाचे चोचले असणाऱ्यांसाठी. ड्रम वाजवणारा ज्या खुर्चीवर बसला होता तिची कुरकूरसुद्धा ऐकू येईल, असं जाहिरातीत लिहिलं होतं. ते वाचून माझे डोळे पाणावले. भूमेश्वरी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “अजी, खुर्चीच ऐकाची आहे तं घरच्या ऐका ना. चारही कुरकुरून राहिल्या.”

तिला काय सांगणार? माझ्या आयुष्यात एक गिटार वर चढून बसली होती आणि ती खाली येत नव्हती, हे माझं खरं दुखणं होतं.

झालं असं की कॉलेजात असताना हा अल्बम मी गोंदियाच्या बाजारातल्या ओमेश रेकॉर्डिंग सेंटरमधून कॅसेटवर भरून घेतला होता. ओमेशला प्रत्येक कॅसेटमध्ये स्वतःची जाहिरात घुसवायची खोड होती, आणि ती कुठे घुसवावी याला काही धरबंध नव्हता. शेवटच्या गाण्यात एक लांबलचक गिटार आहे. ती वर चढत जाते, आणखी वर चढत जाते, ड्रमवाला तिला खालून रेटतो, आपला श्वास अडकतो, आणि आता ती खाली उतरणार एवढ्यात ओमेश भसाड्या आवाजात ओरडतो, “ओमेश रेकॉर्डिंग सेंटर, गोंदिया! शादी, सगाई, बारसा, हर मौके की कैसेट यहाँ भरी जाती है! हमारी और कोई शाखा नहीं है!” आणि टक् करून कॅसेट संपते.

त्यानंतर माझं लग्न झालं, मुलगी झाली, केस गेले, पण गिटार काही खाली आली नाही. आता तुम्ही म्हणाल, मोबाइलवर सगळं फुकट मिळतं. आचल, माझी मुलगी, हेच म्हणते. पण मी मनाशी ठरवून टाकलं होतं की शेवट ऐकायचा तो तबकडीवर, पूर्ण इतमामानं. इतकी वर्षं थांबून मोबाइलच्या डबडीवर ऐकायचं म्हणजे निर्जळी उपवास एका शेंगदाण्यावर सोडण्यासारखं झालं. एकदा आचलनं मला चिडवायला ते गाणं मुद्दाम लावलं, तर मी कानात बोटं घालून न्हाणीघरात जाऊन बसलो. बाहेर आलो तेव्हा घरात माझी जी काही पत उरली होती ती गेलेली होती.

रेकॉर्ड प्लेअर मी आधीच आणून बाहेरच्या खोलीत जुन्या चादरीखाली झाकून ठेवला होता. तबकडी मागवली. पार्सल समुद्र ओलांडून सुखरूप गोंदियापर्यंत आलं आणि कुरियरच्या कचेरीत अडकलं. काउंटरवरच्या तरुणानं माझं आधार कार्ड बघितलं, पार्सल बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं. पार्सलवर हेमेंद्र बिसेन, कार्डावर हेमेंद्रकुमार हुकुमचंद बिसेन.

“ये तो दूसरा आदमी है,” तो म्हणाला.

“दोन्ही मीच.”

“साबित कीजिए.”

मी त्याला अकरावीत शिकवलं होतं. तसं सांगितलं, तर म्हणाला, “इसीलिए तो पूछ रहा हूँ, सर.” या वाक्याचा अर्थ मी अजूनही लावतो आहे.

तर हेमेंद्र आणि हेमेंद्रकुमार हा एकच इसम असल्याचा दाखला काढायला मी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांनी विचारलं, पार्सलमध्ये काय आहे? मी म्हणालो, गाणी. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे फार वेळ पाहिलं. मग म्हणाले, ओळख पटवणारा साक्षीदार आणा. मी शेजारचे गुणवंता टेंभरे यांना घेऊन गेलो. गुणवंताभाऊ वीज खात्यातून निवृत्त झाले असून सल्ला देणं हा त्यांचा आता पूर्णवेळचा व्यवसाय आहे. ते छाती काढून उभे राहिले आणि म्हणाले, “मी वळखतो जी. लहानपणापासून वळखतो. दोघायलेही.”

दाखला दुसऱ्यांदा लिहावा लागला. सरपंचांनी सही करताना मला एकट्याला बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असं हळुवारपणे विचारलं.

पार्सल घरी आलं तेव्हा ते उघडायला मी, भूमेश्वरी, माझी माय, गुणवंताभाऊ आणि समोरच्या पुष्पाबाई एवढी मंडळी जमली होती. मी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. आतून चकचकीत कव्हर निघालं. त्यावर पाण्यात एका पायावर उभा असलेला उंच करडा पक्षी होता.

“हा तं सारस आहे!” गुणवंताभाऊ ओरडले. “आपल्या परसवाड्याच्या तलावावरचा. इंग्रजाइनं फोटो कवा काढला?”

“तो बगळ्याच्या जातीचा पक्षी आहे. हेरन म्हणतात.”

“मले नोका सांगू, सर. मी सारसांच्या गणतीले गेलेलो आहो.”

गोंदिया जिल्ह्यात सारसावरून वाद घालू नये. महाराष्ट्रात हा पक्षी उरला आहे तो बहुतेक आमच्याकडेच. संध्याकाळपर्यंत अर्ध्या फुलचुरात बातमी पसरली होती की सरांनी विलायतेहून सारसाच्या आवाजाची तबकडी आणली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघताना मी एक चूक केली. तबकडीची कोणी हेळसांड करू नये म्हणून मायला बजावलं, “माय, ही फार मोलाची वस्तू आहे. कोणाले हात लावू देऊ नको. देवासारखी सांभाळ.”

मायनं आयुष्यात माझं एवढं तंतोतंत कधीच ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी परत आलो तर तबकडी देवघरात, पाटावर, लाल कापडावर विराजमान होती. मधल्या गोल कागदावरच्या पक्ष्याला कुंकू लावलं होतं. भोवती तुपात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक होतं, ते कागद ओलांडून थेट गाण्यांच्या रेघांमध्ये उतरलं होतं. वर हळदीची बोटं होती आणि त्यावर लाल अक्षता. तबकडीवर गाणी बाहेरून आत जातात. म्हणजे मधल्या कागदाच्या अगदी जवळ जे गाणं असतं ते शेवटचं. आणि वर होती ती दुसरी बाजू. माझी गिटार ज्या जागी खाली उतरायची होती, नेमका तिथेच तुपाचा ठिपका होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मायसमोर ती मस्तकातच ठेवावी लागते. एवढंच म्हणालो, “माय, कव्हरले लावलं असतं कुंकू तं चाललं नसतं का?”

“काऊन?” माय म्हणाली. “टीव्ही आणला तवा खोक्याले लावलं होतं का मी? टीव्हीलेच लावलं ना? अन् पाह्य, आजपर्यंत बिघडला का?”

यावर ध्वनीच्या धड्यात उत्तर नाही. आमच्या घरात सायकलपासून इन्व्हर्टरपर्यंत जे जे आलं त्याला मायचं कुंकू लागलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातलं काहीच बिघडलेलं नाही. बिघडतो तो मीच.

तबकडीसोबत एक पत्रक आलं होतं. त्यात लिहिलं होतं की तबकडीला बोटांचा स्पर्श होऊ देऊ नये, आणि झालाच तर ती शुद्ध केलेल्या पाण्यानं अलगद पुसावी. तूप आणि अक्षतांचा उल्लेख नव्हता. गुणवंताभाऊंनी पत्रक वाचायला घेतलं, उलटं धरलं, आणि म्हणाले, “शुद्ध पाणी म्हंजे ब्याटरीचं पाणी. इन्व्हर्टरमंदी टाकतो ते. माह्याकडे कॅन पडून आहे.” पुष्पाबाईंचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. त्यांचं मत रिठ्याला पडलं. “पैठणीचं तेल निघते तं याचं तूप नाई निघन का जी?” दोघांचं मिटेना, म्हणून शेवटी बॅटरीच्या पाण्यात रिठे भिजवले. मी स्वतः कापसाच्या बोळ्यानं पुसून काढलं. कुंकू गेलं, हळद गेली, अक्षता गेल्या. माझा जीव भांड्यात पडला.

तो भांड्यात असतानाच मी कॉलेजला गेलो, हीही चूकच म्हणायची. मागे पुष्पाबाईंना वाटलं की ओली वस्तू तशीच ठेवली तर वास मारेल. त्यांनी मधल्या भोकातून सुतळी ओवली आणि तबकडी गच्चीवर कपड्यांच्या तारेवर वाळत घातली, माझ्या बनियनच्या आणि टॉवेलच्या मध्ये. दसऱ्याच्या आधीचं आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत असेल. पापड, सांडगे, माणसं, त्यात काहीही वाळतं. मी आलो तेव्हा तबकडीला लाट आली होती. दुसरी बाजू राखून ठेवून पहिली लावून पाहिली, तर सुई बोदलकशाच्या तलावातल्या डोंग्यासारखी वरखाली डुलत होती आणि गाणारा माणूस पाण्यात बुडून पुन्हा पुन्हा वर येत होता.

मी जेवलो नाही. खरोखर नाही जेवलो. भूमेश्वरीनं दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा ती ताट घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि माझ्याजवळ ठेवून गेली. एवढी वर्षं जपलेली एक साधी इच्छा, कोणाचं काही वाईट न चिंतता केलेली, आणि तिचा असा पापड व्हावा, याचं मला मनापासून रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी गुणवंताभाऊ आले. “दोन काचा घ्या सर, मधात तबकडी ठेवा, वर तांदळाचं पोतं. पोत्याचं वजन सगळीकडे सारखं बसते. सासऱ्याचं वाकलेलं पंचांग मी असंच सरळ केलं होतं.” पहिल्यांदाच त्यांचं बोलणं मला शास्त्रीय वाटलं. पोतं आमच्या घरामागच्या राइस मिलच्या मालकानं, टिंकूशेठनं पाठवलं. तबकडी पोत्याखाली गेली. येणारे-जाणारे त्यावर बसू लागले. मला वाटलं, बसोत, तेवढंच वजन.

पोतं उचललं तेव्हा तबकडी आरशासारखी सपाट होती. गुणवंताभाऊ इतके खूश झाले की त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटायचा प्रयत्न केला.

पुन्हा पहिली बाजू लावली. आता डुलणं नव्हतं, पण सगळ्या गाण्यांमागे एक खोल घुर्रर्र चालू होतं. ड्रमवाल्याची खुर्ची काही ऐकू येईना. टिंकूशेठची मिल मात्र स्वच्छ ऐकू येत होती. मिल चालली की आमची जमीन हलते. आम्हाला ते सवयीनं कळत नाही, पण विलायती सुईला कळलं. मी टिंकूशेठकडे गेलो आणि दुसरी बाजू वाजेपर्यंत मिल बंद ठेवता येईल का, असं विचारलं.

“सर, अभी नया धान आना शुरू हुआ है. गाने के लिए मिल बंद करूँ?” मग माझा चेहरा बघून तो जरा विरघळला. “दसरे को मशीन की पूजा होती है. उस दिन दोपहर तक बंद ही रहती है. तब सुन लीजिए. हम भी आएँगे, फॅमिली लेके. सारस का है ना?”

अशा रीतीनं, एकट्यानं डोळे मिटून ऐकायचं म्हणून जे ठरवलं होतं त्याचा दसऱ्याचा जाहीर कार्यक्रम झाला. टिंकूशेठ सहकुटुंब आला. पुष्पाबाई सोन्याची पानं घेऊन आल्या. आचल सुट्टीला घरी होती. ती मोबाइल खिशात ठेवून अत्यंत गंभीर चेहऱ्यानं बसली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. माय आरतीचं ताट घेऊन पुढे आली तेव्हा मी दोन्ही हात पसरून प्लेअरसमोर उभा राहिलो. तिनं लांबूनच ओवाळलं.

मागची मिल गप्प होती. जमीन गप्प होती. मी दुसरी बाजू लावली आणि सुई टेकवली.

काय सांगू! असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तारेवरून बोट सरकलेलं ऐकू येत होतं. गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. आणि मग ती खुर्चीची कुरकूर! माझ्या अंगावर काटा आला. मी वळून पाहिलं, तर गुणवंताभाऊ आमच्या खुर्चीत बूड हलवत होते.

“याचं पोट दुखून राहिलं का?” पुष्पाबाईंनी गाणाऱ्याबद्दल हळूच विचारलं.

“सारस कब बोलेगा?” टिंकूशेठ म्हणाला.

मी हातानं सगळ्यांना गप्प केलं, कारण शेवटचं गाणं सुरू झालं होतं. गिटार निघाली. वर चढू लागली. ड्रमवाला खालून रेटू लागला. मी डोळे मिटले. कॅसेटमध्ये जिथे ती नेहमी अडकते ती जागा आली. ओमेश नाही, टक् नाही, आता फक्त उतरायचं,

खट्!

सुई उडाली, बाकीच्या रेघांवरून खर्रकन घसरली, आणि मधल्या कागदाजवळ जाऊन मुकाट्यानं बसली.

मी वाकून पाहिलं. कागदापासून बोटभर अंतरावर, रेघांमध्ये, एक लाल तांदूळ रुतला होता. मायची अक्षत. धुताना कुठेतरी दडून राहिलेली, आणि मग पोत्याच्या, शिवाय पोत्यावर बसलेल्या अर्ध्या फुलचुराच्या वजनानं आत दाबली गेलेली. नखानं काढून पाहिली. निघाली नाही. ती आता अल्बमचाच भाग झाली होती.

मायनं माझ्या खांद्यावरून तबकडी पाहिली, तांदूळ पाहिला, आणि तिचा चेहरा उतरला. माझ्या तोंडाशी इतक्या वर्षांचा राग आला होता. मी तोंड उघडलं. काय बोललो असतो देव जाणे.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, पुऱ्या तळता तळता, भूमेश्वरीचा आवाज आला. ओमेशसारखा भसाडा, नेमक्या त्याच ठेक्यात, जरासुद्धा न अडखळता:

“ओमेश रेकॉर्डिंग सेंटर, गोंदिया! शादी, सगाई, बारसा, हर मौके की कैसेट यहाँ भरी जाती है! हमारी और कोई शाखा नहीं है!”

ती झारा हातात घेऊन दारात आली आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून लाजली. “तोंडात बसलं आहे जी,” ती म्हणाली. “गिटार थांबली का आपोआप निंघते.”

मला वाटत होतं, ही माझी गाणी कधी ऐकतच नाही. मी कॅसेट लावली की ती स्वयंपाकघरात निघून जायची. पण लग्न झाल्यापासून ती तिथे उभी राहून, माझ्यासोबत, रोज त्याच गिटारवर चढत होती आणि रोज तिथेच अडकत होती. मला हसू आलं. आधी थोडं आलं, मग इतकं आलं की प्लेअरच्या टेबलाला धरून बसावं लागलं. आचल हसायला लागली. टिंकूशेठला काही कळलं नव्हतं, पण तो सगळ्यात जोरात हसला.

फक्त माय हसली नाही. ती अजून तबकडीकडेच बघत होती.

“बाबू,” ती हळूच म्हणाली, “माह्या अक्षतीनं खराब झालं का रे?”

आचलनं माझ्याकडे पाहिलं. भूमेश्वरीनंही पाहिलं.

“नाई माय,” मी म्हणालो. “गाणं तिथंच संपते.”

“असं होय!” मायचा चेहरा एकदम उजळला. “तरीच म्हणलं. मी लावलेलं काई बिघडत नाई.”

टिंकूशेठ म्हणाला, मिल चालू व्हायला अजून वेळ आहे, एक बार फिर लगाइए. मी लावलं. गिटार चढली, सगळे पुढे सरकून बसले, आणि तांदळाशी सुई उडाल्याबरोबर पुष्पाबाई आणि गुणवंताभाऊंसकट सगळी खोली एका सुरात ओरडली, “हमारी और कोई शाखा नहीं है!” मायनं टाळ्या वाजवल्या. असलं इंग्रजी गाणं असेल तर आपल्यालाही आवडतं, असं ती म्हणाली.

आचलनं सगळे गेल्यावर मला एका बाजूला घेतलं. मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, “बाबा, फक्त शेवटचा भाग. कोणाला सांगणार नाही.” मी तिला म्हणालो, राहू दे. बाहेर टिंकूशेठची मिल पुन्हा सुरू झाली होती आणि जमीन नेहमीसारखी हलायला लागली होती. गिटार अजून वरच आहे.